दुरुस्त करील तो आधी बसेल

२ फेब्रुवारी

चि. गुंड्या,

साठीला टेकलास तरी मी तुला गुंड्याच म्हणणार. राग आला तर पत्र फाडून टाक, पण वाचून झाल्यावर. फोनच करणार होते, पण फोनवर तू "हं, हं" करून ठेवून देतोस आणि मग मी दिवसभर भांडी आपटत बसते. त्यापेक्षा हे बरं.

आपल्या जुन्या विमानतळावरची शेड आठवते का? तुला कुठून आठवणार, तू तेव्हा अंगावर पीत होतास. माझे बाबा आणि तुझे बाबा, दोघं सख्खे भाऊ, तिथंच मेकॅनिक होते. त्या शेडमध्ये आता विमानांचं छोटं संग्रहालय केलंय. छोटं म्हणजे किती, तर आत दीड विमान. एक अख्खं आहे, तुझे बाबा ज्यात गेले त्याच जातीचं. दुसऱ्याचे नुसते पंख आहेत, तेही सोलून ठेवलेले. भिंतीवर फोटो, काचेच्या पेटीत पायलटांचे चष्मे आणि हातमोजे. दार रुळांवरून सरकतं आणि अर्ध्यावर अडतं. कोपऱ्यात लाकडी स्टँडवर विमानाच्या नाकावरचा पंखा आहे, एक पातं मोडलेला. तो त्याच पडलेल्या विमानाचा. कधीतरी कळणारच, म्हणून मीच सांगते.

बाबा रोज तिथं जातात. सकाळी चहा झाला की काठी घेतात आणि निघतात. आणि मीही जाते, कारण मी पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवते हे कळल्यावर संग्रहालयवाल्यांनी पंखाचं कापड शिवायचं काम माझ्या गळ्यात घातलंय. बाबा सांगतात, मी शिवते.

आता मुद्द्याचं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, हा उन्हाळा निघेलसं वाटत नाही. बाबांना मी विचारलं, काही इच्छा आहे का. म्हणाले, "गुंड्या एकदा इथं आला तर बरं होईल. त्याच्या बापाची जागा त्याला दाखवीन." एवढंच. ये ना रे.

आशीर्वाद देते. तू घे अथवा घेऊ नकोस.

ताई


११ फेब्रुवारी

ती. ताई, सा. न.

पत्र फाडलं नाही.

मोठ्या काकांची तब्येत वाचून वाईट वाटलं, म्हातारं माणूस आहे. पण यायचं म्हणशील तर नाही. त्या शेडच्या दारावर रंगानं काय लिहिलेलं असायचं ते आई मला लहानपणापासून सांगत आली आहे. "दुरुस्त करील तो आधी बसेल." विमान दुरुस्त झालं की पहिल्या फेरीला पायलटच्या मागे तोच मेकॅनिक बसायचा, ज्यानं पाना फिरवला. म्हणजे हात राखून काम होत नसे. त्या दिवशी दुरुस्ती केली तुझ्या बाबांनी आणि बसवलं धाकट्या भावाला. विमान पडलं. पायलट गेला, माझा बाप गेला, आणि ज्यानं बसायचं तो खाली उभा राहून बघत होता.

मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. आमच्याकडेही हाच नियम, कुणी लिहिलेला नसला तरी. दोर बदलला, ब्रेक बदलला, की पहिल्यांदा आपण बसायचं आणि वर जायचं. भीती वाटायची. तरी एकदाही मी दुसऱ्याला पुढे केलं नाही. त्यामुळे मला हे कुणी समजावून सांगू नये.

आईला हल्ली चालायला हातात धरायची चौकट लागते. बाकी ठीक.

गुंड्या


२६ फेब्रुवारी

गुंड्या,

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो तुझा आणि काकूचा. असो. रागावून मी काही लिहायचं थांबणार नाही.

इथं माहिती सांगायला एक जण आहे. आयुष्यभर बसवर कंडक्टर होता, म्हणून सगळे त्याला कंडक्टरच म्हणतात. अजूनही लोकांना "पुढे सरका, दारात थांबू नका" म्हणतो. हौशी माणूस, पगारबिगार काही नाही. बाबांवर त्याचा भारी जीव. हाताची खुर्ची आणून दिलीय, दुपारी स्वतःच्या डब्यातलं देतो. तो या गावात नंतर आला, त्यामुळे बाबा कोण ते त्याला ठाऊक नाही. विमानांची आवड असलेले एक आजोबा, एवढंच.

तर काल मी पंखाशी शिवत होते. शाळेची मुलं आली. कंडक्टर त्यांना मोडक्या पंख्यापाशी घेऊन गेला आणि ती नियमाची गोष्ट सांगून आवाज खाली आणून म्हणाला, "आणि ज्यानं दुरुस्ती केली तो त्या दिवशी बसलाच नाही. धाकट्या भावाला बसवलं. का बसला नसेल? समजायचं ते समजा." आणि बाबा तिथंच चार हातांवर खुर्चीत बसून मान हलवत होते. "बरोबर" म्हणाल्यासारखी.

गुंड्या, हे रोज चालतं. शनिवार-रविवारी तर दिवसभर. माझे बाबा रोज चहा पिऊन निघतात आणि स्वतःची नालस्ती ऐकायला जातात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी कंडक्टरकडे निघाले, तर बाबांनी काठी आडवी घातली. म्हणाले, "तो चांगलं सांगतो, सांगू दे."

घरी येऊन मी खूप बोलले. बाबा मूग गिळून बसले. तू ये. तुझ्याशी तरी बोलतील.

ताई


८ मार्च

ती. ताई,

कंडक्टर काय खोटं सांगतो? झालं तेच सांगतो. तुझे बाबा मान हलवतात, म्हणजे त्यांनाही मान्य आहे. तुला झोंबतं कारण तू लेक आहेस, ते मी समजू शकतो. मीही लेकच आहे कुणाचा तरी.

तुला एकच काम सांगतो. त्यांना सरळ विचार, तुम्ही का बसला नाहीत? उत्तर धड असेल तर मी येईन, पहिल्या गाडीनं. शब्द देतो.

गुंड्या


१९ मार्च

गुंड्या,

विचारलं.

कसं विचारलं ते सांगते. पंखाच्या आत लाकडाच्या फासळ्या असतात आणि दोन्ही बाजूंनी कापड. तो उभा करून ठेवतात. एक माणूस या बाजूला, एक त्या बाजूला. हातभर लांब सुई इकडून खुपसायची, पलीकडच्यानं ओढून घ्यायची आणि फासळीला वळसा घालून परत पाठवायची. मध्ये पंख असल्यामुळे तोंड दिसत नाही, नुसती सुई येते आणि जाते. बाबांचे हात कापतात, पण हे अजून जमतं त्यांना. समोरासमोर मला धीर झाला नसता. पंखाआडून विचारलं, "बाबा, तुम्ही त्या दिवशी का नाही बसलात? गुंड्यानं विचारलंय."

सुई परत आली नाही. मी बराच वेळ हात पुढे करून उभी होते. मग ते पलीकडून बोलले. सगळं सांगितलं. मी पंखाच्या लाकडाला डोकं टेकून ऐकलं. आणि शेवटी म्हणाले, "हे त्याला लिहायचं नाहीस. माझी शपथ आहे. तो आला तर त्याला त्याच्या बापाची जागा दाखवीन, पण हे मीही सांगणार नाही."

म्हणजे घोडं अडलं ते अडलंच. कारण आहे, गुंड्या. धड कारण आहे, आणि ते ऐकून मला माझ्या बापापुढे आडवं पडावंसं वाटलं. पण मला ते लिहिता येत नाही. तू शब्द दिलास, मी तुला म्हणते कारण धड आहे. माझ्यावर विश्वास ठेवून ये.

पाय सुजलेत त्यांचे. आता रिक्षानं जातात.

ताई


३० मार्च

ती. ताई,

सांगता येत नाही असं कारण म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं. पळपुट्याला कारण असतंच, फक्त ते सांगण्यासारखं नसतं. मी येत नाही.

आईला तुझं पत्र वाचून दाखवलं नाही. ती विचारत होती, भावोजी कसे आहेत. बरे आहेत म्हणालो.

गुंड्या


२१ एप्रिल

गुंड्या,

बाबा गेले. परवा सकाळी. चहा घेतला, काठी मागितली, आणि ती हातात देईपर्यंत गेले.

कंडक्टर आला होता. खूप रडला. म्हणाला, आमचे आजोबा गेले. मी त्याला काही सांगितलं नाही.

काकूला सांग.

ताई


५ मे

ती. ताई, सा. न.

काय लिहावं कळत नव्हतं, म्हणून उशीर झाला.

आईला सांगितलं. तिनं आधी एकच विचारलं, "शेवटी काही बोलले का?" मी म्हटलं, "कशाबद्दल?" तर चौकट घेऊन आत गेली. दोन दिवस कुणाशी बोलली नाही. काल सकाळी केस विंचरून, चप्पल घालून दारात उभी. म्हणाली, "मला त्या शेडमध्ये ने. ते म्हणत होते ना, गुंड्याला जागा दाखवतो. ते नाहीत तर मी दाखवते."

तिच्या वयाला हा प्रवास झेपेल का, देव जाणे. पण ऐकत नाही. पुढच्या शनिवारी येतो. तुझ्याकडे उतरू का? नाही म्हणालीस तरी वाईट वाटणार नाही, मी तसाच वागलोय.

गुंड्या


१४ मे

ताई,

तू आत आली नाहीस, बाहेर बाकावर बसलीस. पुन्हा ती गोष्ट ऐकवत नाही म्हणालीस. गाडीत आणि तुझ्या घरी आईसमोर मला बोलता येईना, म्हणून आत काय झालं ते घरी येऊन लिहितो आहे.

मी आईला धरून विमानापाशी नेलं. मागची जागा केवढीशी आहे ग. लिफ्टच्या खड्ड्यात आम्ही उतरायचो ती जागा याहून मोठी असेल. आईनं काठावर हात ठेवला आणि म्हणाली, "इथं." मी म्हटलं, "चल, पाहिलं, निघू." तेवढ्यात कंडक्टर दहा-बारा माणसं घेऊन आला. पुढे सरका, पुढे सरका. मोडक्या पंख्यापाशी उभं करून त्यानं गोष्ट सांगितली. समजायचं ते समजा, इथपर्यंत आला आणि आईनं माझं मनगट दाबलं. अगदी हळू म्हणाली, "खोटं आहे." कुणी ऐकलं नाही. मग मोठ्यानं म्हणाली, "अहो, खोटं आहे ते. मी त्यांची बायको. जे पडले त्यांची. मीच पाठवलं त्यांना."

सगळे वळून बघायला लागले. मी म्हटलं, "आई, बाहेर चल." ती चालायच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि बोलतच गेली, ताई. जसं बोलली तसं लिहितो.

"आमचं घर विमानतळाला लागून होतं. ह्यांना कधी विमानात बसायला मिळायचं नाही, मोठी कामं भावोजींकडे, त्यामुळे बसायचेही तेच. मी बाळंत होऊन घरी आले होते. आदल्या दिवशी मीच भावोजींना म्हटलं, उद्या ह्यांना बसू द्या ना, आमच्या घरावरून जाऊ दे, मी बाळाला घेऊन गच्चीवर उभी राहते. ते नाही म्हणाले, नियम आहे. मी रुसले. पोरीसारखा हट्ट केला. शेवटी हसले आणि हो म्हणाले. पायलटलाही सांगितलं, घरावरून एक चक्कर जास्त मार. पहिल्या चक्करीला ह्यांनी हात हलवलेला मी पाहिला. दुसऱ्यांदा फार खालून वळलं आणि मग वर गेलंच नाही."

एका बाईनं विचारलं, "मग लोक त्या भावाला का बोलतात?"

आई म्हणाली, "मीच बोलले आधी. सगळे शेडपाशी जमले होते, मी त्यांच्या अंगावर धावून गेले, तुम्ही ह्यांना पाठवलंत म्हणून ओरडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, हो, मीच पाठवलं. मला वाटलं आत्ता माझी शुद्ध नाही म्हणून म्हणतात, उद्या खरं सांगतील. ते बोललेच नाहीत. ते बोलले नाहीत, मग हळूहळू मलाही तेच खरं वाटायला लागलं."

कंडक्टरच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं मला विचारलं, "तो भाऊ कोण?" मी रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. तो तिथंच जमिनीवर बसला.

म्हणजे गच्चीवर मी तिच्या कडेवर होतो, ताई. तुला हे मार्चपासून माहीत होतं आणि तू लिहिलं नाहीस. मी त्या माणसाला जन्मभर पाण्यात पाहिलं, आणि तू हाक मारलीस तेव्हा दोन महिने नुसता हिशेब मागत बसलो. आता कुणाकडे येऊ?

गुंड्या


२७ मे

गुंड्या,

माझ्याकडे ये, अजून कुणाकडे.

रडून घेतलं मी. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. शपथ माझ्या नरड्याशी अडकली होती, ती काकूनंच सोडवली. तिचा रागही आला. तिला हे बाबा असताना सुचलं असतं तर काय बिघडलं असतं. पण म्हातारीवर आता काय रागवायचं.

कंडक्टरनं दुसऱ्या दिवसापासून गोष्ट बदलली. माझ्या समोर मोडक्या पंख्यावर हात ठेवून लोकांना सांगितलं, मी इतके दिवस एका सज्जन माणसाला त्याच्या तोंडावर चोर म्हणत होतो. मग सगळं खरं सांगितलं, बायकोच्या हट्टापासून त्या "हो, मीच पाठवलं" पर्यंत. लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. बाबांच्या खुर्चीला त्यानं दोरी बांधलीय, कुणी बसू नये म्हणून. मी रोज जाते आणि शिवता शिवता ऐकते. साठेक वर्षांनी का होईना, माझ्या बापाचं नाव कुणीतरी नीट घेतंय. परवा ऐकायला माझ्या दोन मैत्रिणींनाही घेऊन गेले.

काकूला सांग, ताईच्या मनात काही नाही.

ताई


९ जून

ताई,

कसं लिहू तेच समजत नाही. तू इतकी आनंदात आहेस.

आई जेवत नाही. पातळ काही दिलं तर दोन चमचे घेते आणि तोंड फिरवते. सकाळी उठली की विचारते, "आज तिथं माणसं आली असतील का रे?" मी म्हणतो, नसतील. दुपारी पुन्हा तेच. शनिवार-रविवारी खिडकीशीच बसून राहते, म्हणते, आज सुट्टी, आज पुष्कळ येतील. काल म्हणाली, "तो माझा हट्ट सांगतो का त्यांना?" मी खोटं बोललो, नाही म्हणालो. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला खाली बघावं लागलं. डॉक्टर म्हणतात आजार काही नाही, मनानं घेतलंय.

तुझ्याकडे काही मागायला मला तोंड नाही. मागत नाही. फक्त कळवतो.

गुंड्या


२० जून

गुंड्या,

तुझं पत्र पिशवीत घालून संग्रहालयात गेले. पण त्या दिवशी शिवायला बसले नाही, लोकांच्या मागे उभी राहिले. कंडक्टर सांगत होता ते ऐकलं नाही, लोक काय बोलतात ते ऐकलं. इतके दिवस मी बाबांचाच भाग ऐकत होते. एक बाई दुसरीला म्हणाली, "नवऱ्याला खाल्लं की हो हौसेपायी. आणि वर दिराच्या माथी मारलं." दुसरी म्हणाली, "असल्या बायका असतातच." एका माणसानं विचारलं, जिवंत आहे का ती. कंडक्टर म्हणाला, आहे, इथं येऊन गेली. तर सगळे दाराकडे बघायला लागले.

मग मला बाबा दिसले, काठी आडवी घालताना. सांगू दे म्हणालेले. जन्मभर त्यांनी जे एकट्यानं अडवून धरलं होतं, ते मी महिन्याभरात गावभर होऊ दिलं, आणि वर मैत्रिणींना दाखवायला नेलं.

लोक गेल्यावर कंडक्टरला म्हटलं, "ही गोष्ट बंद करा." तो म्हणाला, "बरं, काहीच सांगत नाही." पण तो गप्प बसला तरी पंखा तिथं आहेच. पंखा दिसला की लोक विचारणार, विमान का पडलं? आणि लोकांना नुसतं पडलं म्हणून चालत नाही, कुणाच्या तरी नावावर पडावं लागतं. बाबांच्या नावावर ते आधीपासून होतं. म्हणून मी म्हटलं, "पहिलीच गोष्ट सांगत जा."

तो म्हणाला, "ताई, मला नाही जमणार. त्यांच्या खुर्चीसमोर?" मी म्हटलं, "ते बसलेले असताना जमत होतं ना. त्यांनी कधी नको म्हटलं का?" फार वेळ नुसता टोपी फिरवत बसला. मग पुढचे लोक आले. पुढे सरका म्हणायलाही विसरला. पंख्यापाशी गेला आणि खाली बघून सांगितलं, दुरुस्ती करणारा त्या दिवशी बसला नाही, धाकट्या भावाला बसवलं. एक पोरगा म्हणाला, "भित्रा होता." कंडक्टर माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली.

पंखाचं राहिलेलं काम दुसऱ्या कुणालातरी द्या म्हणून सांगून आलेय. रोज ऐकत शिवायला मी काही बाबा नाही.

तू आता आईला खरं सांग, खाली न बघता. म्हणावं, ताई स्वतः जाऊन ऐकून आली, तिथं तुझं नाव कुणी काढत नाही. आणि दोन घास भरव तिला.

ताई